जुन्या डिझेल बसचा एक्झॉस्ट ब्रेक धरत नाही? बटणापासून पाइपापर्यंत दोष असा शोधा

वऱ्हाड घेऊन आंबा घाट उतरलेली बस खाली साखरप्याला चहाला थांबली, की मागच्या चाकाशी जरा नाक नेऊन बघा. जळक्या ब्रेक लायनरचा वास येत असेल आणि ड्रायव्हर म्हणत असेल, "मालक, एक्झॉस्ट ब्रेक लागतच नाही हो," तर गाडी सगळा घाट पायाच्या ब्रेकवर उतरली आहे. ड्रम तापत गेले की लायनरची पकड सुटते आणि नेमकी शेवटच्या वळणांवर ती कमी पडते. एक-दोन जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी हा दोष स्वतः शोधायला शिकावं. दुरुस्ती मेकॅनिककडून करून घेतली तरी चालेल. दोष कुठे आहे हे मात्र आपल्याला माहीत असलं पाहिजे, नाहीतर दोनशे रुपयांच्या कामासाठी इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरतो.

आधी रचना समजून घ्या. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन गाडीला अडवतं. जुन्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत अशी झडप नसते, त्यामुळे त्याची स्वतःची अडवणूक कमी पडते. ती भरून काढायला एक्झॉस्टच्या पाइपात एक गोल पाकळी बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. ड्रायव्हरनं पायाखालचं बटण दाबलं की हवेच्या दाबावर एक छोटा सिलिंडर ही पाकळी आडवी करतो, धूर कोंडतो आणि पिस्टनना त्या कोंडलेल्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. तो जोर गिअरमधून मागच्या चाकांवर येतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच वेळी दुसरा सिलिंडर डिझेल पंपाची बंद करायची दांडी ओढतो, म्हणजे डिझेलही थांबतं. (अमेरिकन ट्रकांचा 'जेक ब्रेक' वेगळा. तो इंजिनाचे व्हॉल्व्हच मध्येच उघडून दाबलेली हवा सोडून देतो. क्लेसी कमिन्स १९३१ साली कॅलिफोर्नियातल्या एका उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकमधून कसेबसे वाचले, त्यातून ती कल्पना निघाली. आपल्या जुन्या बसमध्ये तो शोधत बसू नका.)

पायरी १ : गाडी उभी करा

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जुन्या गाड्यांचा हँडब्रेक नुसता दांडी-तारेचा असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन चालवून हवा पूर्ण भरू द्या, मग बंद करून पाइप थंड होऊ द्या. पाकळीच्या दांडीजवळ बोटं नेताना बटणावर कोणाचा पाय नाही ना, हे ओरडून विचारा. हवेचा सिलिंडर बोट सहज चेचतो.

पायरी २ : दोन माणसांची चाचणी

अर्धं काम इथेच होतं. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं खालून पाकळीची दांडी बघायची. दांडी झटक्यात पूर्ण फिरते का, आणि सोडल्यावर तशीच झटक्यात परत येते का? बटण विजेचं असेल तर चावी चालू ठेवा. काही गाड्यांत क्लच किंवा ॲक्सिलरेटरला जोडलेला स्विच असतो, तेव्हा दोन्ही पेडलवरचे पाय काढा.

दांडी हललीच नाही तर दोष हवेत किंवा विजेत. हलली, पण गाडी अडत नाही, तर दोष पाकळीत किंवा पाइपात. गेली पण परत आली नाही, तर सरळ पाचव्या पायरीवर जा.

पायरी ३ : दांडी हलत नाही

पहिल्यांदा हवेच्या दाबाचा काटा बघा. हवाच पुरेशी नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. बहुतेक गाड्यांत मुख्य ब्रेकच्या टाक्या आधी भरतात आणि एक्झॉस्ट ब्रेकसारख्या जादा गोष्टींना हवा शेवटी मिळते. त्यामुळे गळती दुसरीकडे असली तरी लक्षण इथे दिसतं.

काटा ठीक असेल तर सिलिंडरपाशी हवेच्या पाइपाचा नट ढिला करा आणि बटण दाबायला सांगा. जोरात हवा आली, तर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय किंवा पिस्टन गंजून अडकलाय. हवा आली नाही, तर मागे मागे सरका: बटणातून बाहेर पडणारा पाइप, मग बटणाकडे येणारा. हवा जिथे नाहीशी होते, त्याच्या लगेच आधी दोष. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बारीक गळतीसुद्धा बुडबुड्यांनी दिसते.

बटणाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते कुणी बघतच नाही. ते फरशीवर असतं. बुटांचा चिखल, झाडलेला कचरा, गुटख्याच्या पुड्या, सगळं त्याच्याभोवती जमतं आणि बटण पूर्ण खाली जात नाही. ब्रश आणि फडकं घेऊन आधी साफ करा. मग टाक्यांखालचे कॉक उघडा. पाणी आणि तेलाचा पांढरट चिखल निघाला, तर तोच आत व्हॉल्व्हमध्येही गेलेला असणार. व्हॉल्व्ह खोलून धुवा, किट बदला, आणि टाक्यांतलं पाणी रोज सोडायची सवय लावा.

विजेवर चालणारा असेल तर फ्यूज, मग तार, मग सोलेनॉइड (विजेवर हवा सोडणारा व्हॉल्व्ह). बटण दाबल्यावर सोलेनॉइडचा 'टक' आवाज आला की वीज पोचतेय. नाही आला तर टेस्ट लॅम्पनं तपासा. गाडी १२ व्होल्टची की २४ची, ते पाहूनच बल्ब घ्या.

पायरी ४ : दांडी हलते, पण गाडी अडत नाही

दांडी फिरते म्हणजे पाकळी फिरतेच असं नाही. दांडीचा बोल्ट शाफ्टवर (पाकळी ज्यावर फिरते त्या कण्यावर) ढिला असतो, किंवा आत पाकळीचे स्क्रू झिजून ती शाफ्टवर नुसती लटकत असते. पाइप एकदा सोडून आत डोकवा. पाकळी कोणत्या दिशेला आहे याची खूण शाफ्टच्या टोकावर छिन्नीनं करून ठेवा, पुढच्या वेळी पाइप सोडावा लागणार नाही.

काजळीचा थर साचला तरी पाकळी पूर्ण आडवी होत नाही. खरवडून काढा. मग पाकळीच्या अलीकडचे सगळे जोड बघा: मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचं) गॅस्केट, फ्लँज, टर्बो असेल तर त्याचा जोड. जिथून धूर निसटतो तिथे पंख्यासारखा काळा डाग उमटलेला असतो. दाबच निसटला तर ब्रेक कसा लागणार?

पाकळीला मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक किंवा कडेची फट बुजवू नका. जास्त ब्रेक लागावा म्हणून भोक वेल्डिंगनं बंद करणारे कारागीर मी पाहिले आहेत. दाब मर्यादेबाहेर गेला की तो स्प्रिंगना न जुमानता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरतो, आणि इंजिन उघडायची वेळ येते.

पायरी ५ : पाकळी बंदच अडकली

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गाडीला पिकअप नाही, काळा धूर, चढावर इंजिन तापतं. निदान होतं, 'पंप गेला'. पंप उतरतो, नोझल बदलतात, बिल होतं आणि धूर तसाच. पाकळी अर्धवट बंद आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून माझा नियम: जुन्या गाडीची पिकअपची तक्रार आली, की पंपाला हात लावण्याआधी बटरफ्लायची दांडी हातानं हलवून बघायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उभ्या राहिलेल्या शाळेच्या बसमध्ये हे हमखास होतं. काजळीवर दमट हवा बसते आणि शाफ्ट धरतो. पाइप थंड असताना गंज सोडवणारं तेल मारा, तासभर थांबा, दांडी दोन्हीकडे हलवत मोकळी करा. हातोडा मारायचाच तर हलका. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. ते तिथल्या उष्णतेत जळून नवी काजळी तयार करतं. उष्णता सोसणारी ग्रॅफाइट किंवा तांब्याची पेस्ट मिळते, ती वापरा.

शाफ्ट मोकळा असूनही दांडी परत येत नसेल, तर परतीची स्प्रिंग मेली आहे किंवा बटणाच्या व्हॉल्व्हमधून हवा बाहेर सुटत नाही. सिलिंडरचा पाइप ढिला करताच दांडी परत आली, तर दोष व्हॉल्व्हचा. वाटेत अडकलात, तर हवेचा पाइप काढून त्याचं तोंड घट्ट बंद करा, पाकळी उघडी तारेनं बांधा आणि घाट टाळून घरी या.

बटण सोडल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर पंपाकडच्या सिलिंडरची दांडी परत येत नाही. बाहेरची दांडी, पिन, स्प्रिंग आपण बघू शकतो. पंपाचं सील तोडून आतली सेटिंग फिरवू नका, ते काम पंपवाल्याचं.

पायरी ६ : रस्त्यावर

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये. ॲक्सिलरेटर सोडा, बटण दाबा. आवाज घुसमटला आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी मंदावली पाहिजे. टॉप गिअरमध्ये आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर हा ब्रेक नीट असला तरी कमकुवतच वाटतो. क्लच दाबला की तो संपलाच. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या, आणि फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. ओल्या, शेवाळलेल्या वळणावर रिकामी बस असेल तर जपून, कारण ओढ फक्त मागच्या चाकांवर येते आणि ती घसरू शकतात. पायाचे ब्रेक आधीच कच्चे असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा ते करून घ्या.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर दोन-तीन दिवसांनी इंजिन चालवून हवा भरा, मग इंजिन बंद करून, लागत असेल तर चावी चालू ठेवून, बटण पाच-सहा वेळा दाबा. खाली वाकून दांडी परत आली का, तेवढं बघा.