एकाच डिस्कवर विंडोज आणि उबुंटू : पाचवं पार्टिशन होत नव्हतं तेव्हा

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान. कन्नड अर्जांसाठी 'नुडी' हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं, मराठी पत्रिकांसाठी श्रीलिपी, त्यामुळे विंडोज सोडता येत नाही. बाकी कामाला उबुंटू, म्हणजे लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, हवं होतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून जागा काढली, पण इन्स्टॉलर त्या जागेपुढे 'अनयुजेबल' दाखवून गप्प.

कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची, म्हणजे पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद ठेवायची जुनी पद्धत. तिच्यात प्रायमरी पार्टिशन फक्त ४ बसतात आणि कंपनीने रिकव्हरीसकट चारही भरून दिलेली. इथे पाचवं करायला गेलं की विंडोज 'डायनॅमिक डिस्क' (विंडोजची स्वतःची वेगळी पद्धत) करू का म्हणून विचारतं. अजिबात हो म्हणू नका, मग उबुंटूचं इन्स्टॉलेशन अडतं.

डी ड्राइव्हचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि ते पार्टिशन उडवलं. त्या मोकळ्या जागेत एक एक्स्टेंडेड (पोटात आणखी पार्टिशन मावणारं) केलं, त्याच्या पोटात लॉजिकल : एक डेटाला एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट), एक उबुंटूला ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट), थोडं स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायला. लिनक्सला लॉजिकलवरून बूट व्हायला काहीच अडचण नसते. हे सगळं यूपीएसवर करा. आमच्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल सांगता येत नाही.

नंतर दोन किरकोळ कटकटी. उबुंटूतून डेटा ड्राइव्हवर लिहिता येईना. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' (यात विंडोज पुरतं बंद होत नाही) बंद केल्यावर सुटलं. आणि विंडोजचं घड्याळ बरोबर ५ तास ३० मिनिटं मागे पडू लागलं, कारण उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' दिलं, जमलं. नवीन मशीनवर एमबीआरऐवजी जीपीटी ही नवी पद्धत असेल तर चारची भानगडच नाही.