एआरटी चालू असताना स्तनात गाठ हाताला लागली तर

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या काखेत किंवा स्तनात गाठ आली, की ती दुखण्याचा दोष आधी हातकामाला देते. आणि ती एचआयव्हीची औषधे, म्हणजे एआरटी, घेत असेल, तर ‘गोळ्यांची गरमी असेल’ असे म्हणून तो विषय मनातच मिटवते. हा अंदाज अगदीच निराधार नसतो. एफाव्हिरेन्झ या एआरटीतल्या औषधामुळे काही जणांचे स्तन वाढलेले दिसले आहेत, आणि काखेतल्या गाठी एचआयव्हीने किंवा क्षयानेही सुजतात. मात्र नुसत्या हाताच्या अंदाजाने यांतला फरक कळत नाही, त्यामुळे कोणतीही नवी गाठ डॉक्टरांना दाखवावी.

एचआयव्हीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट होतो. स्तनाच्या कर्करोगाचे तसे नाही, तो या स्त्रियांत इतरांपेक्षा अधिक आढळत नाही. पण एआरटीमुळे आयुष्य वाढले, म्हणजे हा कर्करोग ज्या वयात होतो ते वयही त्या आता गाठतात. खरा तोटा होतो तो उशिरा पोहोचण्यात आणि उपचार मध्येच तुटण्यात.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी स्तन गोलाकार दाबत काखेपर्यंत जावे. टणक, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढले गेलेले बोंड किंवा त्यातून येणारे रक्त यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये. तिशीनंतर आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी करून घेता येते, आशाताईंना विचारावे.

डॉक्टर सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) सांगतील, पण निदान होते ते बायोप्सीनेच. सुईने काढलेल्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या (गाठ कोणत्या प्रकारची आहे हे सांगणाऱ्या) तपासण्या झाल्या आहेत की नाही, हे आवर्जून विचारावे, कारण पुढची औषधे त्यावरच ठरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. केमो (कर्करोगावरची औषधे) सुरू होणार म्हणून एआरटी स्वतःच्या मनाने बंद करू नये. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असतात, आणि तिचे केमोशी सहसा जमते. हिपॅटायटिस बी असेल, तर याच गोळीतली पहिली दोन औषधे तोही आवरून धरतात. केमोच्या काळात ती सुटली तर यकृतावर मोठा आघात होऊ शकतो. मात्र रिटोनाव्हिर असलेल्या गोळ्या डोसीटॅक्सेलसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतात आणि झिडोव्हुडिनने रक्तपेशी आधीच घटतात, म्हणून अशी औषधे चालू असल्यास ती केमोपूर्वी बदलता येतील का, हे एआरटीच्या डॉक्टरांनी ठरवावे. यासाठी एआरटी केंद्राची वही, शेवटचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आणि सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) यांची प्रत कर्करोगाच्या डॉक्टरांकडे, आणि केमोची योजना एआरटी केंद्राकडे न्यावी. दोन्ही डॉक्टर एकमेकांना फोन करतील, या भरवशावर राहू नये. केमोने सीडी-फोर उतरतो, त्यामुळे संसर्ग टाळणाऱ्या प्रतिबंधक गोळ्याही लागू शकतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, की रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

उपचारांसाठी सिव्हिल हॉस्पिटल आहे, आणि जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. (देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली.) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरती होण्यापूर्वीच समजून घ्यावे, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्यावे. बाहेरगावी राहावे लागणार असेल, तर तितक्या दिवसांच्या गोळ्या एआरटी केंद्रातून आधीच मागून घ्याव्यात.

एचआयव्ही आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे किंवा संमतीवाचून ही बाब इतरांना सांगणे, हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मना आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. डॉक्टरांपासून मात्र लपवू नये, कारण औषधांचे गणितच चुकते. सोबत येणारी सासू किंवा जाऊ यांना काही माहीत नसेल, तर एकटीला बोलायचे आहे असे समुपदेशकांना आधीच सांगावे.

शेक (किरणोपचार) संपल्यावर पाळी गेलेल्या स्त्रियांना अनेकदा लेट्रोझोल हे संप्रेरक कमी करणारे औषध दिले जाते; त्याने हाडे झिजतात, टेनोफोव्हिरनेही झिजतात, म्हणून कॅल्शियम सुरू होते. रिकाम्या पोटी कॅल्शियम आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र घेतल्यास एआरटी नीट शोषली जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एआरटी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. पोटातल्या जळजळीसाठी अँटासिड घेत असाल, तर त्याला जेवणाची सवलतही नाही. तिथे दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते.