वारशाने आलेली कट्यार कशी सांभाळावी

घरातील वडीलधाऱ्यांच्या पश्चात जुनी कट्यार आपल्याकडे आली, की ती घासून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. आधी तिची दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत. मग ती घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीसमोर ठेवून त्यांना बोलू द्यावे आणि ते बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. ती कोणत्या ट्रंकेत किंवा देवघरात असे, दसऱ्याला कोण बाहेर काढत असे, मुलांना हात लावू देत का, असे साधे प्रश्न विचारावेत, कारण पराक्रमाची कथा घरात सर्वांनाच पाठ असते, पण हे बारकावे त्या एका माणसाबरोबर कायमचे जातात. लिहून घेताना सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालावी आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली की ऐकली, हेही नोंदवावे.

कट्यार पानिपतावरून आली, असे घरात सांगत असतील, तर ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. वस्तू काय सांगते ते मात्र वेगळ्या पानावर उतरवावे. कट्यारीच्या मुठीला दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या असतात. मुठीपाशी पात्याला रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्के केलेले खिळे, दिसत असतील, तर पाते बाहेरून आणून बसवलेले असू शकते, कारण दख्खनेत युरोपीय तलवारींची पातीही कट्यारींना जोडली जात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहून तुलना करता येते. घरात मोडी कागद असतील, तर तेही जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

स्वच्छता अगदी बेताचीच करावी. सॅंडपेपर, लिंबू, चिंच किंवा पितळ घासण्याची पावडर पात्यावर कधीही वापरू नये. त्याने पोलादातील लाटांसारखी नक्षी आणि मुठीवरचा सोन्याचा मुलामा निघून जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. सुती हातमोजे घालून कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, म्हणून ते टाळावे. चामड्याच्या म्यानात ओलावा धरतो, तेव्हा म्यान आणि पाते वेगवेगळे ठेवावे. कोकणातल्या पावसाळ्यात तर सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकून त्या अधूनमधून बदलाव्यात. खंडेनवमीची पूजा अवश्य करावी, परंतु ओले हळदकुंकू व फुले पात्यावर न वाहता खालच्या पाटावर वाहावीत. मला हा बदल श्रद्धेत कमीपणा आणणारा वाटत नाही, कारण शस्त्र टिकले तरच पूजा चालू राहते.

कायद्याकडेही लक्ष द्यावे. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात येतात आणि कट्यारीचे पाते मुठीपाशी अनेकदा 2 इंचांहून रुंद भरते. म्हणून ती घरात ठेवण्यापूर्वी किंवा दुसऱ्या गावी नेण्यापूर्वी आपल्या भागातील नियम वकिलाकडून समजून घ्यावेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांना आधीच सांगावे. कट्यार एकाकडेच राहील. ध्वनिमुद्रण, छायाचित्रे आणि लिहिलेली पाने यांच्या प्रती मात्र प्रत्येक भावंडाला द्याव्यात.