सही तपासूनही चुकीची इमेज का चालते? कायव्हर्नोमधली त्रुटी अशी बंद करा

डिजिटल सही नसलेली कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) कुबरनेटीस क्लस्टरमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या संगणकांच्या समूहात, शिरू नये म्हणून अनेक ठिकाणी कायव्हर्नो हे नियम तपासणारं साधन बसवतात. त्याच्या १.८.३ आणि १.८.४ या आवृत्त्यांत नेमका हाच पहारा चुकवता येत होता. डिसेंबर २०२२ मध्ये उघड झालेल्या या त्रुटीचा सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक आहे सीव्हीई-२०२२-४७६३३.

इमेज टॅगने (दुसऱ्या इमेजकडे वळवता येणाऱ्या नावाने) लिहिलेली असली की कायव्हर्नो रजिस्ट्रीकडे, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरकडे, मॅनिफेस्ट (इमेजमधल्या भागांची यादी) दोनदा मागत असे: एकदा सही तपासायला, पुन्हा टॅगच्या जागी डायजेस्ट (मजकुरावरून काढलेला, त्याच इमेजला लागू पडणारा हॅश) भरायला. रजिस्ट्री हल्लेखोराच्या ताब्यात असेल किंवा तो मधल्या वाटेवर बसला असेल, तर पहिल्यांदा सहीची इमेज दाखवायची आणि दुसऱ्यांदा आपली पुढे करायची. पावती एका मालाची, गाडीत भरला दुसराच.

१. आवृत्ती पाहा. कायव्हर्नोच्या नेमस्पेसमधल्या डिप्लॉयमेंटच्या इमेजचा टॅग वाचा. हेल्म चार्टचा (कायव्हर्नो बसवण्याच्या पॅकेजचा) क्रमांक वेगळा असतो, त्यावर जाऊ नका.

२. अपग्रेड करा. दुरुस्ती १.८.५ मध्ये आली, त्यामुळे ती किंवा नंतरची आवृत्ती हवी.

३. पॉलिसी वाचा. नियम मोडल्यावरची कृती ‘ऑडिट’ असेल तर फक्त नोंद होते, पॉड (कंटेनर चालवणारं कुबरनेटीसचं एकक) चालूच राहतो. तिथे ‘एन्फोर्स’ हवं. ‘म्यूटेट डायजेस्ट’ (टॅगच्या जागी डायजेस्ट भरणारा पर्याय) आणि ‘व्हेरिफाय डायजेस्ट’ (डायजेस्ट आहे का ते तपासणारा) मुळात चालू असतात. कुणी बंद केले असतील तर परत चालू करा.

४. चाचणी घ्या. पॉलिसीत बसणारी, सही नसलेली इमेज चालवून बघा, ती नाकारली गेलीच पाहिजे. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ही चाचणी १.८.४ वरही पास होते, कारण प्रामाणिक रजिस्ट्री दोन्ही वेळा एकच उत्तर देते. त्रुटी गेली की नाही, हे आवृत्तीच सांगते.

५. आधीपासून चालू असलेले पॉड तपासा. ही पायरी हमखास राहून जाते. सही तपासून पॉड अडवण्याचं काम पॉड आत येताना होतं, म्हणजे अपग्रेडमुळे आधीच आत आलेली इमेज बाहेर जात नाही. प्रत्येक पॉडच्या स्टेटसमधला इमेज आयडी घ्या, त्यातला ‘शा२५६’ पुढचा ६४ अक्षरांचा डायजेस्ट पूर्ण कॉपी करा आणि कोसाइन या सही करण्या-तपासण्याच्या साधनाच्या ‘व्हेरिफाय’ला टॅगऐवजी तोच द्या. मल्टी-आर्किटेक्चर इमेजमध्ये (वेगवेगळ्या प्रोसेसरसाठीच्या इमेज एकत्र असलेल्या) इंडेक्सचा, म्हणजे त्या सगळ्यांच्या यादीचा, डायजेस्ट वेगळा आणि एएमडी६४, एआरएम६४ या प्रोसेसर प्रकारांचे वेगळे. कोसाइनची सही सहसा फक्त इंडेक्सवर असते. म्हणून एआरएम६४ चा डायजेस्ट दिलात तर सही सापडत नाही आणि उगाच धावपळ होते. आधी कोणता डायजेस्ट हातात आहे ते बघा.

६. पाइपलाइनमध्ये (बिल्ड ते डिप्लॉयमेंटच्या स्वयंचलित साखळीत) टॅगचा डायजेस्ट एकदाच काढा. हीच फट हाताने केलेल्या कामातही असते: ‘व्हेरिफाय’ टॅगवर चालवायचं आणि मग ‘पुल’ही (इमेज उतरवून घेणं) टॅगनेच करायचं. बिल्ड संपताच डायजेस्ट काढून ठेवा. सही, तपासणी, डिप्लॉयमेंटची यामल फाइल, सगळीकडे तोच जाऊ द्या. मग रजिस्ट्रीने मधेच दुसरं काही पाठवलं, तर हॅश जुळत नाही आणि पुल तिथेच फसतो.