गोव्यात रानात पर्यटकांसोबत काम करायचंय? सुरुवात अशी करा

आधी एक गोष्ट, रान आवडतं एवढ्यावर हे काम जमत नाही, कारण दिवसभर माणसांशीच बोलायचं असतं, तेच तेच प्रश्न, आणि शंभरावा माणूस विचारतो तेव्हाही पहिल्यासारखंच नीट सांगायचं.

वाटा दोन. एक सरकारी, म्हणजे वनखात्यात गार्ड वगैरे, त्यासाठी कोंकणी यायलाच हवी आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको. वन विकास महामंडळाच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. दुसरी वाट गाइडची, आणि मला विचाराल तर शिकायला हीच चांगली.

पण शिकायचं कसं? रोज एकाच जागी जा. पक्ष्यांसाठी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला सलीम अली अभयारण्य, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण खारफुटीत किंगफिशर बघून बघून डोळा तयार होतो. मग बोंडला, मोले, खोतीगाव ही अभयारण्यं. झाडं सालीवरून ओळखा, ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, एकदा दाखवली की पोरं विसरत नाहीत. गवा हा राज्यप्राणी, तो दिसला की लोक मोबाइल घेऊन पुढे सरकतात, तेव्हा आवाज न चढवता त्यांना मागे घेता आलं पाहिजे, खरी परीक्षा तीच. फर्स्ट एड शिकून घ्या, दूधसागरच्या ओल्या खडकांवर पाय घसरतोच कुणाचा तरी.

आणि गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर रानात फिरा हो, त्यांना ठाऊक असलेली नावं पुस्तकात मिळत नाहीत. ती वहीत लिहून ठेवा, आजच.