कोंबड्यांना परसातलं कोणतं तण घालावं?

सोलापूरकडे पहिला पाऊस पडला की परसात घोळ, तांदुळजा, कुंजर आपोआप उगवतात. उपटून फेकू नका, कोंबड्या आवडीने खातात. शेवग्याचा पालाही घाला. हिरव्या पाल्याने बलकाचा रंग छान गडद होतो.

गवत मात्र बोटभर लांबीचं चिरूनच द्या. लांब काड्या गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन अडकतात. सकाळी कोंबडी सोडायच्या आधी तिथे हात लावून बघा, रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. टम्म आणि कडक लागली तर पाला बंद. पाल्याची जुडी सुतळीने कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगली, तर ती टोचून टोचून तोडते आणि पाला विष्ठेत तुडवला जात नाही.

धोतरा, कण्हेर, रुई, घाणेरी, एरंडाच्या बिया, गाजर गवत यांना थारा नको. बटाट्या-टोमॅटोचा पालाही नकोच. मोकळ्या कोंबड्या असलं सहसा टाळतात, पण खुराड्यात भुकेल्या असल्या की काहीही खातात. बांधावरचं तण आणणार असाल तर तणनाशक मारलंय का, ते शेतमालकाला आधी विचारा. आणि पाला हा तोंडी लावण्यापुरताच. पोट भरायला ज्वारी-मका, खाद्य हवंच, नाहीतर अंडी घटतात.