वजन कमी झालं पण चेहरा उतरला, गाल बसले? काय करायचं, काय नाही

यंदा संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले तेव्हा माझं वजन ८४ वरून ६६ वर आलेलं होतं, चौदा महिने लागले त्याला, शुगर बॉर्डरवरून नॉर्मलला आली, गुडघे दुखायचे थांबले, आणि मी जाम खुश होते. तर पहिल्याच काकूंनी गालाला हात लावला आणि विचारलं, अगं बरं नाही का तुला, किती उतरलाय चेहरा. मग दुसरी म्हणाली टेन्शन आहे का काही घरी. घरी येऊन बाथरूमच्या ट्यूबलाईटखाली आरशात बघितलं तर खरंच, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना खोल घडी, डोळ्यांखाली खळगा, जबड्याच्या कडेला कातडी सैल. त्या रात्री मला रडू आलं हे मी मोकळेपणाने सांगते, कारण ज्या बायका (आणि पुरुषही) या टप्प्यावर आहेत त्यांना वाटतं आपण काहीतरी चुकीचं केलं आणि त्या परत पोळीभात वाढवून वजन चढवायला लागतात. ते मात्र करू नका. चेहऱ्यासाठी शुगर परत बोलवायची नाही.

आधी हे का होतं ते समजून घ्या म्हणजे पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही ते आपोआप कळेल. आपल्या गालात, डोळ्यांखाली, कानशिलाजवळ चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात, त्यांनीच चेहरा भरलेला दिसतो. वजन उतरतं तेव्हा चरबी फक्त पोटाची जात नाही, या गाद्याही बारीक होतात. उशीतला निम्मा कापूस काढला तर अभ्रा सैल पडणारच, तसं. आता अभ्रा स्वतः किती आवळून घेणार हे त्वचेतल्या कोलॅजन आणि इलास्टिन या प्रोटीन्सवर असतं. पंचविशीत पटकन आवळतो, चाळिशीनंतर कमी, आणि बायकांचं तर पाळी गेल्यानंतर पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३०% कमी होतं. त्यात वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं असेल, सिगारेट किंवा मिश्री असेल, वजन भराभर उतरवलं असेल, तर जास्त दिसतं. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं आपल्याकडे आली तेव्हापासून ही तक्रार जास्त ऐकू येते, पण मुख्य कारण तेच, कमी वेळात खूप वजन उतरणं.

एक सोपी टेस्ट करा. आरसा घेऊन पाठीवर झोपा आणि चेहरा बघा, मग बसून बघा. झोपल्यावर घड्या बऱ्याच कमी झाल्या तर तुमचा प्रॉब्लेम मुख्यतः सैलपणाचा आणि गेलेल्या भरावाचा आहे, त्याला क्रीम फार काही करणार नाही. झोपल्यावरही बारीक रेषा तशाच राहिल्या, विशेषतः डोळ्यांच्या कडेला आणि कपाळावर, तर तो त्वचेच्या वरच्या थराचा प्रश्न आहे आणि तिथे क्रीमचा खरंच उपयोग होतो. बहुतेकांचं दोन्ही थोडं थोडं असतं, माझंही.

आणि हो, तुम्ही काही न करता वजन उतरत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. ६ ते १२ महिन्यांत ५% च्या वर वजन आपोआप गेलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर शुगर, थायरॉइड, टीबी वगैरे बघून घ्यावं लागतं.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे स्पीड कमी करा. अजून वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा ते एक किलोच्या वर नको. आणि वजन स्थिर झाल्यावर त्वचेला वेळ द्या, सहा महिने ते वर्ष. मी पहिल्याच महिन्यात घाबरून एका पार्लरमध्ये स्किन टाइटनिंग फेशियलचं ८ हजाराचं पॅकेज घेतलं, प्रत्येक वेळी घरी येईपर्यंत चेहरा ताणलेला वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होता तसा. तोच प्रकार अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या पॅकचा, तो वाळताना कातडी ओढून धरतो, धुतला की संपलं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, प्रोटीन. आपण डाएट करतो म्हणजे काय करतो, पोळी कमी, भात बंद, काकडी टोमॅटो जास्त. त्यात चरबीबरोबर मसल्सही जातात, आणि कोलॅजन बनवायला लागणारा मालही पोटात जात नाही. वजन उतरवताना किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ६५ किलोला ७८ ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं, पण मोजायला बसाल तेव्हा कळेल. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती, जेमतेम ४-५ ग्रॅम प्रोटीन येतं त्यातून. माझा हिशोब असा बसला: सकाळी दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, दुपारी मटकीची घट्ट उसळ ८, दोन भाकऱ्या ६, वाटीभर दही ५, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे ७, रात्री १०० ग्रॅम पनीर १८, कोरडे ३० ग्रॅम सोया चंक्स भिजवून भाजीत १५, आणि झोपायच्या आधी ग्लासभर दूध ८. झाले ७९. अंडी न खाणाऱ्यांनी त्याजागी मुगाची धिरडी आणि थोडं पनीर वाढवा. जे दीक्षित डाएटवाले दोनदाच जेवतात त्यांना हे सगळं दोन ताटांत बसवायचंय, म्हणून त्यांनी तर जास्तच लक्ष द्या, आधी उसळ आणि पनीर संपवायचं, मग भाकरी. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

यासोबत रोज एक पेरू किंवा आवळा, कारण व्हिटॅमिन सी शिवाय शरीराला नीट कोलॅजन बनवता येत नाही. तेलतूप पूर्ण बंद केलं असेल तर ते पण चालू करा, जवसाची चटणी, तीळ, चमचाभर तूप, नाहीतर कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर प्रत्येक रेष दुप्पट दिसते. कोलॅजन पावडरबद्दल सगळे विचारतात, तर ताटातलं प्रोटीन पूर्ण होत नसताना महिन्याला दीड-दोन हजार त्यात घालणं मला पटत नाही.

सनस्क्रीन. हे वाचून कंटाळा येतो माहितीये, पण ऐका. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बॉरमध्ये ९०० च्या वर लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारं होणं मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४% कमी निघालं. एसपीएफ ३० किंवा ५०, पीए+++ बघून घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत पट्टा ओढा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं, आपण वाटाण्याएवढं लावतो म्हणून काही उपयोग होत नाही. स्कूटीवर दुपारी फिरायचं असेल तर दोन तासांनी परत लावा, आणि स्कार्फ बांधला तरी खाली लावायचंच. मान आणि कानामागे विसरू नका.

रात्रीसाठी रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधं, ट्रेटिनॉइन त्यातलंच एक. सुरकुत्यांवर बाटलीतल्या गोष्टींपैकी सगळ्यात भक्कम पुरावा याचाच आहे, ट्रेटिनॉइनवर १९८० च्या दशकापासून काम झालंय. आपल्याकडे ट्रेटिनॉइन डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं आणि चिठ्ठीवरच घ्या. गरोदर असाल, प्लॅनिंग चालू असेल किंवा अंगावर पाजत असाल तर नको. मला स्किनच्या डॉक्टरांनी ०.०२५% दिलं. लावायची पद्धत महत्त्वाची आहे म्हणून सविस्तर सांगते. चेहरा साध्या फेसवॉशने धुवायचा, टॉवेलने टिपून वीस मिनिटं थांबायचं, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. मग नाकपुडीच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्यात आणि डोळ्यांच्या कडांना बोटाने व्हॅसलीन, कारण कातडी पहिली तिथेच फाटते. मग वाटाण्याएवढं क्रीम बोटावर घेऊन कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके, आणि चोळायचं नाही, पसरवायचं. वरून मॉइश्चरायझर. पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदाच, मग एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात माझ्या हनुवटीवरून कोंड्यासारखे पापुद्रे निघाले, मी चार दिवस थांबले, नुसतं मॉइश्चरायझर लावलं, परत सुरू केलं. वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा वॅक्स करणार असाल तर आठवडाभर आधी बंद ठेवा नाहीतर कातडीच निघून येते. आणि तीन ते सहा महिन्यांच्या आत फरक शोधू नका.

सकाळी ओलसर चेहऱ्यावर हायल्युरोनिक ॲसिडवालं मॉइश्चरायझर लावलं की दिवसभर रेषा कमी दिसतात, टेम्पररी का होईना. रात्री साय लावायची सवय असेल आणि पिंपल्स येत नसतील तर लावा, मऊपणा येतो. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नका, ते लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग उठतात आणि आपल्या रंगाच्या कातडीवर महिनोन् महिने राहतात. मेडिकलमधून कोणीतरी सुचवलेली गोरं करणारी ट्यूब तर अजिबातच नाही, त्यातल्या कितीतरींमध्ये स्टेरॉइड असतं, सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो आणि नंतर कातडी पातळ होऊन लाल नसा दिसायला लागतात. आधीच सैल कातडी अजून पातळ करायची नाहीये आपल्याला. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलंय का ते बघा.

चेहऱ्याच्या व्यायामांबद्दल २०१८ चा अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आहे, ४० ते ६५ वयाच्या बायकांनी २० आठवडे, सुरुवातीला रोज आणि नंतर एक दिवसाआड, अर्धा तास केले तर गाल थोडे भरलेले दिसले. बायका जेमतेम सोळा होत्या शेवटी, त्यामुळे फार आशा नको, पण फुकट आहे, करायचे तर करा. माझ्याच्याने अर्धा तास झाला नाही, त्याऐवजी मी आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स उचलते, खांदे आणि मानेचा ताठपणा परत आला की चेहराही वेगळा दिसतो हे मला फोटोत स्पष्ट दिसलं.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, दाढा. मागच्या दोन-तीन दाढा काढून तशाच सोडल्या असतील तर तिथलं हाड झिजतं, गालाला आतून टेका राहत नाही, आणि वजन कमी झाल्यावर ते एकदम उघडं पडतं. माझ्या आईचं हेच झालं होतं. मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात हिरड्या लवकर जातात म्हणून त्यांनी आधी ती सोडावी. क्रीमचे पैसे साठवून दाढा बसवून घेणं जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं करून वजन स्थिर होऊन सहा महिने झाले आणि तरी मनाला लागत असेल तर प्रोसिजर्सचा विचार करा, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. गेलेला भराव परत आणायला फिलर, म्हणजे सुईने कातडीखाली भरतात ते जेल, साधारण ६ ते १८ महिने टिकतं. बोटॉक्सने लोंबणारी कातडी वर जात नाही, ते कपाळाच्या आठ्यांसारख्या हावभावांच्या रेषांसाठी. हायफू (अल्ट्रासाउंड) आणि आरएफ (रेडिओ लहरी) या मशीनच्या उष्णतेने थोडं आवळतं, पण चेहरा आधीच बारीक असेल तर उष्णतेने उरलेली चरबीही कमी होऊ शकते, हा प्रश्न डॉक्टरला नक्की विचारा. खूपच लोंबत असेल तर शेवटी सर्जरीच, फेसलिफ्ट. फिलर पार्लरमध्ये कधीही घेऊ नका. सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी काळी पडते, क्वचित डोळाही जातो. स्किनचा एमडी किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय, बॉक्स तुमच्यासमोर फोडणार का, आणि फिलर विरघळवायचं हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये ठेवलंय का, हे चार प्रश्न विचारा, आणि उत्तर देताना चिडले तर उठून या.

फोटो काढत राहा. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी, एकाच खिडकीपाशी, मेकअप आणि फिल्टरशिवाय, एक समोरून एक बाजूने. रोज आरशात बघून काहीच कळत नाही. मी परवा फेब्रुवारीचा आणि आत्ताचा शेजारी ठेवून बघितला, नऊ महिन्यांचा फरक. डोळ्यांच्या कडेच्या आणि कपाळावरच्या बारीक रेषा बऱ्याच गेल्यात, नाकाच्या बाजूच्या घड्या थोड्या हलक्या झाल्यात, जबड्याखालची सैल कातडी आहे तशीच आहे. वजन ६६ च आहे. त्या कातडीसाठी पुढच्या महिन्यात डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, ते चार प्रश्न लिहून पर्समध्ये ठेवलेत.